जावा 8 वर ॲक्सेसची फाइल उघडत नाही : डीएसएनच्या मागे लागू नका

निपाणीतल्या तुमच्या पतसंस्थेचा जावा प्रोग्राम जुन्या संगणकावर नीट चालायचा, नव्या विंडोज 10 वर ॲक्सेसची (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची) फाइल उघडेना, डीएसएन (कुठला डेटाबेस कुठल्या ड्रायव्हरनं उघडायचा याची विंडोजमधली नोंद) पुन्हा बनवूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. एररमध्ये ‘क्लास नॉट फाउंड’ आणि पुढे जेडीबीसी-ओडीबीसी ड्रायव्हरचं नाव आहे. उत्तर तिथंच आहे. तुमचा प्रोग्राम डीएसएनपर्यंत पोचतच नाही. हा ड्रायव्हर म्हणजे जावा आणि ओडीबीसी (विंडोजमधली डेटाबेस जोडायची सोय) यांच्यातला ब्रिज, आणि तो 2014 मध्ये आलेल्या जावा 8 मधून काढून टाकलाय. डीएसएन कितीही अचूक असला तरी हीच एरर येणार.

कुणीतरी जावा 7 टाकायला सांगेलच. तसं केलंत तर बहुधा ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ ही एरर येईल, कारण जावा, ॲक्सेसचा ड्रायव्हर आणि डीएसएन हे तिन्ही एकतर 32-बिट हवेत किंवा तिन्ही 64-बिट. इथं विंडोजच्या फोल्डरांची नावं फार फसवतात. सिस्टम32 मधली ओडीबीसीची खिडकी 64-बिटची आणि सिसवॉव64 मधली 32-बिटची! खानापूरकडच्या एका सोसायटीत हाच घोळ बघितला. क्लार्कनं पहिल्या खिडकीत ड्रायव्हर शोधला, यादीत फक्त एसक्यूएल सर्व्हर दिसला, आणि सगळ्यांनी ऑफिसच बिघडलं असं धरलं. दुसरी खिडकी उघडल्याबरोबर ॲक्सेसचा ड्रायव्हर समोर होता.

तरीही जावा 7 वर परत जाऊ नका असंच मी सांगेन. लोकांच्या ठेवींचा हिशेब सुरक्षा अपडेट बंद झालेल्या जावावर ठेवणं बरोबर नाही.

तुमच्याकडे सोर्स कोड आहे, मग यूकॅनॲक्सेस वापरा. हा निव्वळ जावातला ड्रायव्हर आहे. त्याला ओडीबीसी लागत नाही, डीएसएन लागत नाही, संगणकावर ॲक्सेस नसलं तरी चालतं. आधी एमडीबी फाइलची (तुमच्या ॲक्सेसच्या फाइलची) प्रत दुसरीकडे काढून ठेवा आणि पहिली चाचणी त्या प्रतीवरच घ्या. कोडमध्ये ड्रायव्हरचं नाव आणि कनेक्शनची ओळ बदलायची, त्या ओळीत डीएसएनऐवजी फाइलचा पूर्ण पत्ता द्यायचा. यूकॅनॲक्सेससोबतच्या जार फाइलींपैकी (जावाच्या तयार कोडच्या फाइली) जॅकसेस आणि एचएसक्यूएलडीबी हमखास राहून जातात, त्या क्लासपाथमध्ये (जावा अशा फाइली जिथं शोधतो त्या यादीत) आहेत ना बघा. फाइल मोठी असेल तर पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो. प्रोग्राम अडकला समजून बंद करू नका.

आपल्या भागात आणखी एक फायदा होतो. सभासदांची नावं मराठीत नि कानडीत, दोन्हींत असतात. युनिकोडमधली अशी नावं जुन्या ब्रिजमधून प्रश्नचिन्हं होऊन यायची, या ड्रायव्हरनं ती जशीच्या तशी येतात. मात्र नावं श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. ते कनेक्शनचं दुखणं नव्हे, त्या नोंदी स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतील.