वाचकांचे प्रश्न : स्टेशन कुठवर लागतं?

मागच्या अंकात संपादकांनी रेडिओबद्दलचे प्रश्न मागवले होते. आलेली पत्रं त्यांनी माझ्याकडे पाठवली, कारण माझी सगळी नोकरी आकाशवाणीच्या प्रक्षेपण केंद्रांवर झाली. स्टुडिओत नव्हे, तर गावाबाहेरच्या माळावर, जिथे मनोरा उभा असतो तिथे. प्रत्येक पत्राला इथे उत्तर देणं जागेअभावी जमणार नाही. ज्या पत्रांत इतरांचेही प्रश्न येऊन जातात, ती निवडली आहेत.

आमची वाडी कोयनेच्या खोऱ्यात आहे. साताऱ्याचं एफएम घाट चढून वर गेलं की स्वच्छ लागतं, वाडीत मात्र नुसती खरखर. पुण्याचं मीडियम वेव्ह त्याहून कितीतरी लांब, पण ते लागतं. हे कसं?
— एक शिक्षिका, पाटण तालुका

ताई, तुमच्या आणि साताऱ्याच्या मध्ये डोंगर उभा आहे, हेच कारण. साताऱ्याचं एफएम १०३.१ मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे लहरीची लांबी जेमतेम तीन मीटर. इतकी आखूड लहर जवळपास सरळ रेषेत जाते. मनोऱ्याच्या टोकावरून तुमची वाडी दिसत नसेल, तर ती वाडी डोंगराच्या सावलीत राहते. पुण्याचं मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झवर, लहर सुमारे ३७९ मीटरची. ही जमिनीला धरून सरकते आणि टेकड्या ओलांडून पलीकडे उतरते. त्यात पुण्याच्या प्रक्षेपकाची ताकद १०० किलोवॅट.

लहर जमिनीला धरून जाते म्हटल्यावर जमीन कशी आहे यालाही महत्त्व आलं. काळी, ओल धरणारी माती लहर पुढे जाऊ देते, कोरडा कातळ तिला खातो. सगळ्यात चांगलं खारं पाणी. म्हणून रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या केंद्राचा आवाज समुद्रात मासेमारी करणाऱ्यांना लांबवर ऐकू येतो, पण तेवढ्याच अंतरावरच्या घाटमाथ्यावर तो दबलेला असतो.

केंद्र बघायला आलेली मुलं हमखास विचारायची, "मनोऱ्यावर अँटेना कुठंय?" मीडियम वेव्हला वर अँटेना बसवलेली नसते, अख्खा मनोराच अँटेना असतो. तो जमिनीवर टेकलेलाही नसतो. खाली चिनी मातीचा भलामोठा इन्सुलेटर असतो, त्यावर ते सगळं लोखंड तोललेलं. प्रक्षेपण चालू असताना कुंपणाच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही, हा पहिला नियम. आणि बुंध्यापासून चारी बाजूंना तांब्याच्या तारा मातीखाली पुरलेल्या असतात. गवत कापायला मजूर आले की आधी त्यांना त्या तारा कुठून जातात ते दाखवायचं, मगच विळा चालवू द्यायचा. लोकांना दिसतो तो मनोरा, पण अर्धं काम त्या न दिसणाऱ्या तारा करतात.

मीडियम वेव्ह आता कालबाह्य झालं, असं कोणी म्हणालं की मला राग येतो. मोबाइलचं नेटवर्क ज्या दरीत उतरत नाही, तिथे ही लहर उतरते आणि ऐकणाऱ्याला त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. दुसरा तोडगा निघेपर्यंत तिला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

संध्याकाळी सातनंतर आमच्या स्टेशनात भलत्याच भाषेतलं स्टेशन घुसतं आणि आवाज वरखाली होतो. दुकानदार म्हणतो सेट बदला.
— एक शेतकरी, जालना जिल्हा

दादा, सेट बदलू नका, तो ठणठणीत आहे. दिवसा आकाशात उंचावर एक थर असतो, तो वर जाणारी मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहर त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली येते. आपल्याकडे मीडियम वेव्हवर ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात नऊ-नऊच्या अंतराने जेमतेम १२० जागा आहेत. एकेका जागेवर दूरदूरची अनेक स्टेशनं बसवलेली असतात. दिवसा त्यांची गाठ पडत नाही, रात्री पडते.

एक करून बघा. सेटच्या आत एक काळी कांडी आडवी असते, तीच त्याची मीडियम वेव्हची अँटेना. तिचं टोक ज्या दिशेला असेल तिकडचं स्टेशन सर्वांत क्षीण लागतं. सेट ओट्यावर हळूहळू फिरवा, घुसखोर स्टेशन दबेल अशी एक जागा सापडते. वर ओढायची पत्र्याची दांडी एफएमसाठी असते, मीडियम वेव्हला ती लांब करून उपयोग नाही. आणि खरखर दिवसाही असेल, तर सेलवर रेडिओ चालू ठेवून घरातला मेन स्विच बंद करून बघा. खरखर थांबली, तर दोष घरातलाच. एलईडी दिवे किंवा मोबाइलचे चार्जर एकेक करून लावा, चोर सापडेल.

मी पत्रकारिता शिकतो. 'वनिता मंडळ', 'कामगार सभा', 'आपली आवड'... आजीच्या वेळची नावं अजून कशाला? आकाशवाणीला नवं काही सुचत नाही का?
— एक विद्यार्थी, पुणे

तुझा प्रश्न मला आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे कार्यक्रम ठरवताना आधी वेळ ठरली, विषय नंतर. स्वयंपाकपाणी आटोपून बाई जरा टेकते ती दुपारची वेळ स्त्रियांची. गिरणीची पाळी सुटून माणूस घरी येतो ती कामगारांची. धारा काढून झाल्या, जनावरं बांधली, की शेतीची. रेडिओ हातातलं काम न थांबवता ऐकायचा असतो, म्हणून तो कामाच्या वेळापत्रकात बसावा लागतो. एकदा बसला की ऐकणाऱ्याला घड्याळ बघावं लागत नाही. नाव आणि वेळ तीच ठेवून आतला मजकूर रोज नवा देता येतो: पिकावर कुठली कीड आली, बाजारभाव काय, पाऊस कुठवर पोचला. वेळ बदललीस की मात्र श्रोता तुटतो. पत्रं येतात ती याच तक्रारीची.

आता तुझ्या अभ्यासाच्या कामाचं. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचं एक मंडळ, सगळे एका रेडिओभोवती बसणार. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २०. ऐकून झालं की मंडळी उठून जायची नाहीत. त्यावर चर्चा करायची, आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचं आणि शंका केंद्राला लिहून कळवायच्या. पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांची उत्तरं दिली जायची.

तुलनेसाठी मंडळं नसलेली गावंही पाहिली होती, काही रेडिओ असलेली आणि काही नसलेली. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती कितीतरी जास्त वाढलेली दिसली. जगदीशचंद्र माथूर आणि पॉल न्यूरथ यांनी लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ही मंडळं देशभर सुरू करण्याचा निर्णय झाला. परत बोलणारा श्रोता गृहीत धरून बनवलेला कार्यक्रम आपल्या पुण्यातून निघाला, हे तुमच्या वर्गात कोणी सांगत नसेल तर तू सांग.

आणि आकाशवाणी बदललीच नाही, हेही खरं नाही. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव होता. श्रोते श्रीलंकेतून चालणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही आल्या, त्या पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर इथे. श्रोता निघून गेला की केंद्राला कळतंच.

माझी काळजी वेगळी आहे. नाव जुनं राहावं, पण तो अर्धा तास त्याच जिल्ह्याचा राहावा. सांगलीच्या द्राक्षवाल्याला सांगलीचं हवामान हवं. त्या वेळेत दुसऱ्या केंद्राचं सहक्षेपण, म्हणजे तिथलाच कार्यक्रम जसाच्या तसा, जोडून दिलं, तर मनोरा तोच, फ्रिक्वेन्सी तीच, पण तिथे राहणाऱ्या माणसाला त्यात आपलं काही उरत नाही. लिहायचं तर यावर लिही.

आंबोलीच्या जंगलातून गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालायचा असं वडील सांगत. खरं का?
— एक वाचक, दोडामार्ग

अगदी खरं. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून तो चालवला. आधी आंबोलीच्या बाजूला, नंतर कॅसलरॉकजवळ. पोर्तुगीज आणि कोकणीतून बातम्या जात. हद्दीला खेटून असलेला घाटमाथा आणि खाली सगळा गोवा, ही जागा त्यांनी अचूक हेरली होती. १९६१ च्या डिसेंबरात, गोवा मुक्त झाला तेव्हा, ही दोघं विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून ती बातमी सांगत गोव्यावरून फिरली. पुढे ती दोघं विवाहबद्ध झाली. लिबियाताईंना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आमच्या महिला मंडळाला गावाचं स्वतःचं रेडिओ स्टेशन काढायचं आहे. किती लांब ऐकू येईल?
— महिला मंडळाच्या सचिव, माण तालुका

तुमच्याच तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे, आधी तिथे जाऊन बसा. बारामतीची 'वसुंधरा वाहिनी'ही बघून या. सामुदायिक रेडिओला १०० वॅटची प्रभावी ताकद आणि ३० मीटर उंचीचा मनोरा, एवढीच साधारण मर्यादा असते. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर धरा, मध्ये टेकडी आली की कमी. परवाना एकट्या माणसाला किंवा राजकीय पक्षाला मिळत नाही. ना-नफा नोंदणीकृत संस्था, शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्रं यांना मिळतो. संस्थेचं किमान तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं, आणि निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून झालेले हवेत.

ती शेवटची अट सगळ्यात अवघड आहे, आणि तिच्याकडेच लोक दुर्लक्ष करतात. यंत्रसामग्री एकदाच घ्यायची असते, बोलणारी माणसं रोज लागतात. अर्ज करण्याआधी मोबाइलवर महिनाभर रोज अर्ध्या तासाचा कार्यक्रम रेकॉर्ड करून बघा. कोण टिकतं ते कळेल.

आई वाईजवळच्या खेड्यात एकटी असते, नजर अधू झाली आहे. इथून चांगला डिजिटल रेडिओ नेऊन दिला, पण तिला पुणे केंद्र नीट लागत नाही.
— एक वाचक, न्यू जर्सी

तुम्ही नेलेला सेट अमेरिकेच्या मापाचा असणार. तिकडे मीडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झवर असतात, त्यामुळे सेटही तशाच उड्या मारतो: ७८०, ७९०, ८००. पुणे आहे ७९२ वर. तो ७९० वर थांबतो आणि आवाज फाटका येतो. बऱ्याच डिजिटल सेटमध्ये नऊ आणि दहा यातलं निवडायची सोय असते. कधी मागे सेलच्या झाकणाखाली छोटा खटका असतो, कधी सेट बंद ठेवून एखादं बटण दाबून धरावं लागतं. माहितीपत्रक बघा आणि आईंच्या शेजाऱ्यांना फोनवर सांगून नऊवर करून घ्या.

सोय नसेल तर तो सेट राहू द्या. वाईच्या बाजारातून मोठ्या सेलवर चालणारा, फिरवायच्या बटणाचा साधा सेट घ्या. बटणावर आणि सेटच्या कडेला, पुणे लागतं तिथे, रंगाचा एकेक जाड ठिपका द्या. वाळला की तो बोटांना लागतो. दोन ठिपके एकासमोर एक आले की स्टेशन लागलं, डोळ्यांचं काम नाही. एफएमकडे नेणारा खटका चिकटपट्टीने बांधून टाका, चुकून तिकडे सरकला की आईंना वाटेल रेडिओ बिघडला. सेट पत्र्याच्या कपाटावर किंवा फ्रीजशेजारी नको, खिडकीत ठेवा. आणि महिना-दोन महिन्यांनी कोणाला तरी सेल बदलायला सांगा. सेल उतरले की आवाज हळूहळू बसत जातो, आणि म्हातारी माणसं ते आपल्या कानांवर घेतात.