"आता या वयात एमए झेपेल का?" : पॉलिसी शिकायला निघालेल्या एका ताईंची गोष्ट

गेली काही वर्षं माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न येतोय. विचारणारे संस्थांमधले लोक, वस्तीत काम करणारे, आशाताईंच्या सुपरवायझर, बचतगटवाल्या, शाळाबाह्य मुलांवर काम करणारे. वय 35 ते 45. सगळ्यांना पब्लिक पॉलिसी (सरकारी धोरणं) किंवा पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये (लोकप्रशासन) मास्टर्स करायचंय, नोकरी सांभाळून, आणि सगळ्यांचं वाक्य तेच, "मॅडम, मला झेपेल का हो?"

त्यातल्या एकींबद्दल लिहिते. परवानगी घेतलीय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. वस्तीत सगळे त्यांना ताईच म्हणतात, आपणही ताईच म्हणू.

पुण्यात पर्वती पायथ्याच्या वस्त्यांमधलं काम, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) होऊन बरीच वर्षं झालेली. पहिल्या भेटीत कारणांची यादीच घेऊन बसल्या. इंग्रजी कच्चं, मुलगी दहावीला, सासूबाईंचे गुडघे, आणि नवरा म्हणाला, "आता शिकून काय कलेक्टर होणार आहेस?" त्यात इग्नूची (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची) माहितीपुस्तिका आणलेली, अर्ध्या पानांवर हायलायटर मारलेला. म्हणजे जायचं तर होतंच ना!

आता समुपदेशनात मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची. भीती वाटली की तिला गोंजारत बसत नाही, तिच्यामागचं वाक्य शोधते. कारणं एकेक करून बाजूला काढली. इंग्रजी? पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशनच्या त्या कोर्सला हिंदी माध्यम आहे. वेळ? दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांपर्यंत लांबवता येतो. मुलीची दहावी मार्चमध्ये संपणार. तरी चेहरा तसाच. मग विचारलं, समजा नापास झालात, तर नेमकं काय होईल?

बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग कळेल ना सगळ्यांना, की मी इतकी वर्षं नुसती धावपळच केली, समजलं काहीच नव्हतं."

हे होतं ते वाक्य. अभ्यासाची भीती नव्हतीच मुळी. वर्गातली ती पुस्तकं आपल्या आत्तापर्यंतच्या कामाचा निकाल लावणार, याची होती. आणि मी आता छातीठोकपणे सांगते, या प्रश्नाला घेऊन येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचं हेच असतं, बाकी सासूबाईंचे गुडघे वगैरे पुढे केलेले असतात.

पुढच्या वेळी म्हटलं, ते पुस्तक ठेवा बाजूला, मला महापालिकेच्या शहरी गरीब योजनेच्या (गरिबांना उपचाराच्या खर्चात मदत देणाऱ्या) कार्डाचं सांगा, बायकांना का मिळत नाही? मग काय, ताई सुटल्याच. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, तलाठी, तहसील, झेरॉक्स. धुणीभांडी करणारी बाई अर्धा दिवस खाडा करून येते, एक कागद कमी निघतो, उद्या या. मी म्हटलं क्लार्क वाईट असतो म्हणून? तर माझ्यावरच उखडल्या. "नाही हो मॅडम, तो काय करेल? एकटा आहे, रांग दारापर्यंत, आणि संध्याकाळी साहेब विचारतो किती फाईली झाल्या. मग तो कागद पूर्ण असलेल्यांना आधी घेतो. ज्याला गरज जास्त त्याचे कागद कमी, म्हणून तोच मागे राहतो. नियम पुण्यात सगळीकडे एकच आहे, पण खरा नियम त्या टेबलावर ठरतो."

मी तेव्हा गप्प राहिले कारण असं काहीतरी वाचल्यासारखं वाटत होतं, घरी जाऊन शोधलं. मायकल लिप्स्की नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1980 मध्ये हेच मांडलंय, की सरकारी धोरण प्रत्यक्षात घडतं ते शिक्षक, पोलीस, काउंटरवरचे कर्मचारी यांच्या हातून, आणि कामाचा ढीग असला की ते सोप्या केसेस आधी उचलतात. पब्लिक पॉलिसीच्या कुठल्याही बऱ्या कोर्समध्ये हा माणूस भेटतोच.

हे सांगितल्यावर ताई खूष होतील असं मला वाटलेलं. पण त्या चिडल्या! "म्हणजे हे आधीच कुणी लिहून ठेवलंय?" आणि दोन मिनिटांनी, "मग त्यावर उपाय काय लिहिलाय त्याने?"

मी त्या क्षणाची वाट बघत होते असं खोटं सांगणार नाही, पण तो ओळखता आला याचं समाधान आहे. "मला झेपेल का" गेलं आणि "त्याने काय लिहिलंय" आलं. माणूस स्वतःला तपासायचं सोडून विषयाकडे बघायला लागला की माझं अर्धं काम संपलं.

मग उरलं ते व्यवहाराचं, तेही सांगते कारण पुष्कळ जण इथेच घसरतात. आधी बघा की मिळणार ती पदवी आहे की नुसतं सर्टिफिकेट. वीकेंडचे ऑनलाइन पॉलिसी कोर्स आता भरपूर आहेत, त्यातले काही खरंच छान आहेत, पण प्रमोशनला किंवा पुढे पीएचडीला पदवीच लागते. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय, फक्त तुमच्या कोर्सला मान्यता आहे ना हे यूजीसीच्या साइटवर स्वतः बघा, एजंटचं ऐकू नका. फी भरायच्या आधी एक महिना रोज रात्री तासभर बसून बघा, घरातल्यांनाही सवय होते. परीक्षेच्या रजेचं संस्थेकडून लेखी घ्या, तोंडी "बघू हो" ऐन डिसेंबरात उपयोगाचं नसतं. आणि जिथे विषय निवडायची मुभा असेल तिथे आपल्याच कामावर लिहा, आधी मराठीत, मग भाषांतर. आणि हो, पुण्यात राहून गोखले इन्स्टिट्यूटसारख्या अर्थशास्त्र-राज्यशास्त्राच्या 1930 पासूनच्या संस्थेसमोरून नुसतं बीएमसीसी रोडने जाऊ नका, व्याख्यानं खुली असतात तेव्हा आत जाऊन बसा की. मागच्या रांगेत बसलं तरी चालतं.

ताईंनी ॲडमिशन घेतली. नवरोजी अजून कलेक्टरच म्हणतात, पण असाइनमेंट पोस्टात टाकायला तेच जातात. परवा ताईंचा तणतणत फोन, मार्क कमी पडले, तपासणाऱ्याला महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय म्हणजे काय तेच माहीत नाही म्हणे. मी म्हटलं, मग पुढच्या वेळी पहिलं पान त्याच्यासाठी लिहा, क्लार्कच्या टेबलापासून सुरुवात करा.