तक्रार करायची, पण कशाची?

"मॅडम, आपल्या राज्यात सायबर बुलिंगला कायदाच नाही का?" खुर्चीत बसायच्या आधीच वडिलांनी विचारलं. हातात प्लास्टिकची फाइल होती. आई मागे, आणि तिच्या मागे दाराला टेकून मुलगा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि नाव तर देतच नाही. इथे तो 'तो'च.

मुलांची समुपदेशक म्हणून माझ्याकडे ऑनलाइन छळाचा हा प्रश्न हल्ली महिन्यातून दोन-तीनदा येतो. पोलिसांत जावं का? गेलो तर मुलाचंच नाव होईल का? नाही गेलो तर आपण घाबरट ठरू का?

तो दहावीत. बोलताना अडखळतो, 'क' आणि 'प'वर जास्त. वर्गात प्रकल्प सादर करताना कुणीतरी व्हिडिओ काढला, त्यातला अडखळण्याचा तुकडा वेगळा करून त्याला ठेका जोडला. मग त्याच्या चेहऱ्याचे स्टिकर झाले. मग त्याच्याच नावाचं आणि फोटोचं एक अकाउंट उघडलं गेलं, आणि ते वर्गातल्या मुलींना 'क-क-कशी आहेस' असे मेसेज पाठवू लागलं. त्याला हे तीन आठवडे माहीत होतं. घरी कळलं ते एका मुलीच्या आईचा फोन आला म्हणून.

वडिलांनी आधी त्याचा फोन काढून घेतला. मग ज्याच्यावर संशय होता त्या मुलाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली 'असल्या अवलादीला ठेचलं पाहिजे' असं लिहून. आणि मग पोलीस ठाणं गाठलं. तिथे एफआयआर झाला नाही, ठाण्याच्या दैनंदिनीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, नोंद झाली. त्या नोंदीची प्रत फाइलमध्ये होती. "झटकलं त्यांनी आम्हाला," ते म्हणाले.

पोलीस झटकतात, हे मीही पाहिलंय. पण इथे तसं नव्हतं. समोरची मुलं अठराच्या आतली. बाल न्याय कायद्याखालचे 2016 चे नियम सांगतात की गुन्हा 'घोर' या वर्गातला नसेल आणि त्यात कुणी प्रौढ सामील नसेल, तर मुलावर एफआयआर करायचा नाही. दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. मुलांशी बोलणारा अधिकारी गणवेशात नसतो, बेड्या नसतात. म्हणजे वडील ज्याला नकार समजत होते, ती खरं तर कारवाईची सुरुवात होती. हे त्यांना ठाण्यात कुणी नीट सांगितलं असतं तर ती फाइल इतकी जड झाली नसती.

आता कायद्याचं. 'सायबर बुलिंग' या नावाचं कलम आपल्याकडे नाही, हे खरं. जे आहे ते तुकड्या-तुकड्यांत आहे. दुसऱ्याच्या नावाने अकाउंट चालवलं तर पोलीस बहुधा माहिती तंत्रज्ञान कायद्याची 66 सी आणि 66 डी ही कलमं लावतात, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. निनावी धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचं 351. लहान मुलांची अश्लील चित्रं बनवली, पसरवली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 67 बी आणि पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा. तिथे तर एक मिनिटही विचार करत बसू नये. बदनामीसाठी न्याय संहितेचं 356 आहे, पण त्यासाठी न्यायालयात स्वतंत्र तक्रार करावी लागते. या हिशेबाने त्या खोट्या अकाउंटला कलम होतं. स्टिकरना, ठेका लावलेल्या व्हिडिओला, आणि तो ग्रुपवर काही लिहायला लागला की पडणाऱ्या हसऱ्या इमोजींच्या पावसाला मात्र जवळपास काहीच नव्हतं.

"मग तेच म्हणतोय मी. राज्याने करावा ना एक कायदा, सगळ्याला मिळून," वडील म्हणाले.

पाच-सात वर्षांपूर्वी मीही हेच म्हणायचे. मग केरळचं प्रकरण पाहिलं. तिथे 2020 च्या नोव्हेंबरमध्ये पोलीस कायद्यात 118 ए हे कलम अध्यादेशाने आणलं गेलं: कुठल्याही माध्यमातून धमकावणारा, शिवीगाळीचा, अपमान करणारा किंवा बदनामीकारक मजकूर टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. उद्देश सांगितला होता तो ऑनलाइन छळ थांबवण्याचाच. पण टीकेचा असा भडका उडाला की काही दिवसांतच सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याआधी माहिती तंत्रज्ञान कायद्यात असल्याच ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारं 66 ए होतंच. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना मुंबई बंदबद्दलच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, कारण 'त्रासदायक', 'आक्षेपार्ह' हे शब्द इतके सैल होते की त्यात कुणीही सापडलं असतं. आपल्या विधिमंडळाने 2021 मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात समाजमाध्यमांवरच्या छळाचं कलम होतं, पण ते स्त्रियांपुरतं, आणि तो कायदा लागूही झाला नाही.

हे सगळं सांगताना मी त्यांचा पालकांच्या ग्रुपवरचा मेसेज उघडून टेबलावर ठेवला. "केरळसारखा कायदा इथे असता तर पहिला गुन्हा कुणावर बसला असता, सांगा." त्यांनी वाचलं. अल्पवयीन मुलाचा फोटो असा फिरवणं बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमालाही धरून नाही, हेही मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आई मात्र हळूच म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं, काढा ते." मेसेज तिथल्या तिथे काढला गेला. (त्यांचा राग खोटा नव्हता. मुलाचा तो तुकडा त्यांनी रात्री एकट्याने पंधरा वेळा पाहिला होता, हे मला नंतर कळलं.)

मग मी दोघांना बाहेर बसवलं. जगणं नकोसं वाटतं का, हे मी अशा वेळी आडवळण न घेता विचारते. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. "नाही," तो म्हणाला, "शा-शाळा नकोशी वाटते." तुला काय व्हायला हवंय, हे त्याला तीन आठवड्यांत कुणीच विचारलं नव्हतं. शिक्षा व्हावी, असं तो म्हणाला नाही. "ते अकाउंट बंद. आणि माझा फोन परत." फोन गेल्यामुळे ग्रुपवर आपल्याबद्दल काय चाललंय, याची तो रात्रभर कल्पना करत बसायचा, आणि ते प्रत्यक्षापेक्षा भयंकर असायचं.

फोन त्या दिवशी परत मिळाला, एका अटीवर: काहीही डिलीट करायचं नाही. दोघा बाप-लेकांनी बसून स्क्रीनशॉट काढायचे, अकाउंटचा पत्ता, तारीख, वेळ दिसेल असे. मग अॅपच्या 'माझ्या नावाचं खोटं अकाउंट' या फॉर्मवर तक्रार आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तीच माहिती. अकाउंट गेलं. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने तीन मुलांना पालकांसह बोलावलं. त्यातला एक चौथीपर्यंत याच्याच बाकावर बसायचा. शाळेनेही काहीतरी केलं. एक परिपत्रक निघालं, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

चौथ्या भेटीला तो एकटाच आला, स्क्रीनशॉटच्या प्रिंटचा गठ्ठा घेऊन. त्यातलं एक पान काढून त्याने माझ्यासमोर सरकवलं. पहिल्या दिवसाचंच होतं. सतरा-अठरा स्टिकरांच्या मध्ये एकाने लिहिलं होतं, 'बास करा रे आता.' त्यावर कुणाचंच उत्तर नव्हतं. तेव्हा वरचे चार स्टिकर पाहून त्याने ग्रुप बंद केला होता, तो इथवर पोचलाच नव्हता. बाबांबरोबर पुरावे गोळा करताना दिसलं.

"याच्याशी मी कधी बोललोच नाहीये," तो म्हणाला. "दोन महिने झाले. आता काय लिहू?"

मला काही सुचेना. तो फोन हातात घेऊन बसला. 'थँक्स' लिहिलं, खोडलं. बराच वेळ गेला. शेवटी लिहिलं, 'आज वाचलं,' आणि मला न विचारता पाठवून दिलं.