पॉवर सिस्टिम आणि हाय व्होल्टेज हे विषय निवडावेत का, आणि अभ्यास कुठून सुरू करावा?

तुम्ही नवी मुंबईतल्या एका कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात. पुढच्या सत्रासाठी पर्यायी विषय निवडायचा आहे, वर्गातले बहुतेक जण प्रोग्रॅमिंगकडे वळत आहेत, तुमची ओढ मात्र पॉवर सिस्टिम आणि हाय व्होल्टेजकडे आहे. गणिताची थोडी धास्ती वाटते, आणि आईला हे काम जिवावर बेतणारे वाटते. मी मुंबईतच शिकलो असून गेली बावीस वर्षे सबस्टेशनमधील चाचण्या आणि रिले (बिघाड ओळखून पुरवठा आपोआप तोडायला लावणारी उपकरणे) यांच्या कामात आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

कॉलेजात हे दोन विषय वेगवेगळ्या प्राध्यापकांकडे असतात आणि विद्यार्थ्यांच्या मनातही ते वेगळेच राहतात. एक कॅल्क्युलेटरवर सोडवायचा, दुसरा प्रयोगशाळेत लांबून बघायचा. प्रत्यक्ष कामात त्यांची अशी वाटणी कधीच होत नाही. इन्सुलेशन कुठे आणि कशामुळे दगा देईल हे हाय व्होल्टेज सांगते, आणि दगा दिल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत उरलेली यंत्रणा कशी वागेल हे पॉवर सिस्टिम सांगते. त्यामुळे शक्य असेल तर दोन्ही घ्या. एकच निवडता येत असेल तर हाय व्होल्टेज निवडा, कारण पॉवर सिस्टिमचा पाया सक्तीच्या पेपरांत येतोच आणि पुढचा भाग घरी बसून शिकता येतो. ठिणगी मात्र घरी बसून बघता येत नाही.

मुंबईला वीज कशी आली हे पाहिले तर दोन्ही विषय एकदम समोर येतात. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि तिथली वीज गिरण्यांसाठी घाट उतरून परळपर्यंत १०० किलोव्होल्ट दाबाने आणली गेली. एवढा दाब घेण्याचे कारण साधे आहे: तेवढीच वीज दहापट दाबाने पाठवली की प्रवाह एक दशांश होतो आणि तारांमधले नुकसान एक शतांश होते. हे गणित दोन ओळींचे आहे. पण त्याच दोन ओळींमुळे लोखंडी टॉवर आणि त्यावरची तार यांच्यामध्ये चिनी मातीच्या बशांची माळ टांगावी लागते, आणि सह्याद्रीचा पाऊस व समुद्राची खारी हवा सोसून ती माळ टिकेल का, हा प्रश्न तिथून पुढे कायमचा मागे लागतो.

या खाऱ्या हवेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पाठ्यपुस्तकात त्याला जेमतेम अर्धे पान मिळते. बहुतेकांना वाटते की इन्सुलेटरला धोका मुसळधार पावसाचा असतो. प्रत्यक्षात मुसळधार पाऊस इन्सुलेटर धुऊन काढतो. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत मीठ आणि धूळ यांचा थर साचत राहतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी असतो, परंतु हिवाळ्यातल्या पहाटे दव पडले किंवा जूनच्या सुरुवातीला नुसती भुरभुर झाली की तो ओला होऊन वीज वाहू लागतो. वाहणाऱ्या गळती-प्रवाहाने थराचा काही भाग तापून सुकतो, त्या सुकलेल्या पट्ट्यावर सगळा दाब एकवटतो, तिथे छोटी ठिणगी उडते, आणि अशा ठिणग्या जोडल्या जाऊन शेवटी पूर्ण माळेवरून फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे तारेपासून टॉवरपर्यंत सलग ठिणगी पडते. मी एकदा खाडीलगतच्या यार्डात जानेवारीतल्या पहाटे साडेपाचला उभा होतो. अंधारात माळांवर निळसर-जांभळे ठिपके सरकत होते आणि तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखी चरचर ऐकू येत होती. सात वाजता ऊन आले तेव्हा सगळे शांत झाले होते, जणू काही घडलेच नव्हते. म्हणूनच अतिप्रदूषित भागात इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर, म्हणजे क्रीपेज, दर किलोव्होल्टला ३१ मिलिमीटर धरतात. २२० किलोव्होल्टच्या यंत्रणेचा कमाल दाब २४५ किलोव्होल्ट असतो, त्यामुळे हे अंतर साडेसात मीटरहून अधिक भरते. इन्सुलेटरला छत्रीसारख्या घड्या का असतात, याचे उत्तर या आकड्यात आहे.

हाय व्होल्टेजच्या अभ्यासाची सुरुवात हवेपासून करा. सामान्य तापमानाला आणि वातावरणाच्या सामान्य दाबाला एकसारख्या विद्युतक्षेत्रात हवा सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट सोसते. हा आकडा पाठ असू द्या, पण ‘एकसारख्या’ या शब्दाकडे जास्त लक्ष द्या, कारण टोकदार वस्तूभोवती हवा त्याच्या बरीच आधी हार मानते. कॉरोना, म्हणजे टोकाभोवती दिसणारी फिकट चमक, हा त्याचाच प्रकार. पाशेनचा नियम, टाउनसेंडचा सिद्धांत आणि स्ट्रीमर, म्हणजे हवेत ठिणगी कशी पडते याची स्पष्टीकरणे, याच क्रमाने वाचा. त्यानंतर आकाशातल्या विजेच्या आघाताची नक्कल करणारा मार्क्स जनरेटर घ्या: अनेक कपॅसिटर समांतर भरायचे आणि ठिणगीच्या फटींतून एका क्षणात एकसर जोडायचे, एवढीच त्यातली युक्ती आहे. त्याच्या लहरीचा माथा १.२ मायक्रोसेकंदांत येतो आणि ५० मायक्रोसेकंदांत ती निम्म्यावर उतरते. प्रयोगवहीत हे आकडे नुसते उतरवून न घेता ऑसिलोस्कोपवर ती लहर स्वतः मोजा.

यानंतर द्रवरूप इन्सुलेशन, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे तेल. याबाबतीत माझी एक फजिती सांगतो. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मला एका ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची बीडीव्ही चाचणी, म्हणजे किती दाबाला तेलातून ठिणगी पडते ती मोजणी, करायला सांगितले होते. चाचणीच्या भांड्यात दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटर अंतर असते, तेल ओतून पाच मिनिटे स्थिर होऊ द्यायचे, दाब सेकंदाला २ किलोव्होल्ट या गतीने वाढवत न्यायचा, आणि प्रत्येक ठिणगीनंतर दोन मिनिटे थांबून सहा वेळा मोजून सरासरी काढायची. माझे आकडे १९, ३१, २४ असे वाटेल तसे उड्या मारत होते, आणि मी ‘तेल निकामी, ट्रान्सफॉर्मर बंद करावा’ असा शेरा लिहून मोकळा झालो. आमच्या वरिष्ठांनी कागद न बघताच विचारले, “बाटली कशाने पुसलीस?” मी ती कॉटन वेस्टने पुसली होती. भांड्यावर विजेरी धरून त्यांनी दाखवले: दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये केसापेक्षा बारीक तंतू एका रांगेत उभे होते. ओल शोषलेला तंतू विद्युतक्षेत्रात ओढला जाऊन पूल बांधतो, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते, पण तो पूल मी त्या दिवशी प्रथम पाहिला. दुसऱ्या दिवशी कोरडी बाटली त्याच तेलाने दोनदा विसळून नमुना घेतला, तेव्हा सहाही आकडे पन्नाशीच्या वर आले. तेल उत्तम होते, नमुना घेणारा कच्चा होता.

आता पॉवर सिस्टिम आणि तुमची गणिताची धास्ती. या विषयात लागणारे गणित खोल नसून लांबलचक आहे. संमिश्र संख्या, मॅट्रिक्स आणि एक डिफरन्शियल समीकरण एवढ्यावर पदवीचा बहुतेक अभ्यासक्रम निघतो. पर-युनिट पद्धत, म्हणजे प्रत्येक राशी एका ठरलेल्या मूल्याच्या पटीत मांडणे, हाताला बसेपर्यंत गिरवा. फोर्टेस्क्यू यांनी १९१८ साली मांडलेले सिमेट्रिकल कॉम्पोनंट्स, म्हणजे तीन फेजचे असमतोल प्रवाह तीन समतोल संचांत फोडण्याची रीत, सुरुवातीला जादूचे वाटतात. ते समजायला एकच सिंगल-लाइन-टू-ग्राउंड फॉल्ट (एका तारेचा जमिनीशी संपर्क) चार वेळा सोडवणे हे चाळीस वेगवेगळी उदाहरणे बघण्यापेक्षा बरे. लोड फ्लोसाठी, म्हणजे कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते हे काढण्यासाठी, तीन बसचे (वाहिन्या जिथे एकत्र येतात त्या जोडबिंदूंचे) एक उदाहरण न्यूटन-रॅफसन पद्धतीने एकदा हाताने करा आणि मग तेच पायथनमध्ये लिहा. इथे तुमच्या वर्गमित्रांच्या प्रोग्रॅमिंगशी असलेले भांडणही मिटते, कारण आजचा पॉवर सिस्टिमचा इंजिनिअर दिवसातला बराच वेळ कोड आणि आकड्यांसोबतच घालवतो.

निर्मिती आणि मागणी यांचा तोल ढळला की यंत्रांचा वेग कसा बदलतो हे सांगणाऱ्या स्विंग समीकरणाला घाबरू नका, त्याचा अर्थ डिफरन्शियल न वापरताही कळतो. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार तुम्हाला आठवत असेल; सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि पुरवठा दिवसभरात टप्प्याटप्प्याने परत आला. शहराला बाहेरून वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक गेल्या. अशा वेळी शहराने स्वतःच्या केंद्रांवर बेटासारखे वेगळे होऊन तग धरावा अशी आयलंडिंगची योजना होती, पण त्या दिवशी ते बेट टिकले नाही. बेट टिकवणे किती अवघड असते, ते सोप्या कल्पित आकड्यांवर बघा. समजा बेटावर १००० मेगावॉट निर्मिती आहे आणि मागणी १५०० मेगावॉट आहे. यंत्रांचा इनर्शिया स्थिरांक (रोटरमधली ऊर्जा पूर्ण निर्मितीइतकी वीज किती सेकंद पुरवेल तो आकडा) ४ सेकंद धरला, तर फिरणाऱ्या रोटरमध्ये ४००० मेगाज्यूल ऊर्जा साठलेली आहे. तूट ५०० मेगावॉटची, म्हणजे सेकंदाला ५०० मेगाज्यूल या साठ्यातून उचलले जातात, म्हणजेच साठ्याचा आठवा हिस्सा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे वेग त्याच्या निम्म्याने, सोळाव्या हिश्शाने, घटतो. फ्रिक्वेन्सीही वेगाबरोबरच घटते, आणि ५० हर्ट्झचा सोळावा हिस्सा सुमारे ३.१ हर्ट्झ. फ्रिक्वेन्सी ४७.५ च्या खाली गेली की टर्बाइनची पाती वाचवण्यासाठी यंत्रे स्वतःहून बाजूला होऊ लागतात, आणि या गतीने तिथे पोहोचायला पूर्ण सेकंदही लागत नाही. तेवढ्या अवधीत कोणते फीडर (वस्त्यांना वीज पोहोचवणाऱ्या वाहिन्या) सोडायचे हे माणूस ठरवू शकत नाही, ते आधीच ठरवून रिलेमध्ये भरून ठेवावे लागते. या एका उदाहरणाभोवती स्थैर्य, लोड शेडिंग आणि प्रोटेक्शन ही तिन्ही प्रकरणे लावून बघा.

रोज करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. महाराष्ट्राचे राज्य भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे, म्हणजे तुमच्या शेजारीच, आणि त्यांच्या संकेतस्थळावर फ्रिक्वेन्सी, राज्याची मागणी आणि मुंबईची मागणी चालू स्थितीत दिसते. एक आठवडा सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला ते आकडे वहीत उतरवा. त्यानंतर ५ एप्रिल २०२० च्या रात्रीचा अहवाल मिळवून वाचा. नऊ मिनिटे दिवे मालवल्यावर देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली होती, आणि जलविद्युत यंत्रे झपाट्याने कमी-जास्त करून ती पोकळी कशी सांभाळली गेली हे त्यात नीट मांडलेले आहे. स्वतःच्या वहीतले आकडे डोळ्यांसमोर असतील तर तो अहवाल रहस्यकथेसारखा वाचून होतो.

नोकरीबाबत थोडक्यात. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरमध्ये जास्त असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. इथे महापारेषणसारख्या सरकारी कंपन्या, गेट या परीक्षेच्या गुणांवर भरती करणारी पॉवरग्रिड, मुंबईतल्या खाजगी वीज कंपन्या आणि ट्रान्सफॉर्मर व स्विचगिअर बनवणारे कारखाने असे मार्ग आहेत. एम.टेक. करायचे असेल तर मुंबई सोडण्याची गरज नाही; पवईची आयआयटी, माटुंग्याचे व्हीजेटीआय आणि अंधेरीचे सरदार पटेल, तिन्हीकडे या शाखा आहेत. कामाची चणचण भासेल असे मला वाटत नाही. जागेअभावी शहरात गॅस-इन्सुलेटेड सबस्टेशने वाढत आहेत, खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, आणि त्या सबस्टेशनांत वापरला जाणारा सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २३,५०० पट अधिक तापमानवाढ करणारा असल्यामुळे त्याला पर्याय शोधणे हेच एक मोठे क्षेत्र झाले आहे.

राहिला आईचा प्रश्न. काम धोक्याचे आहे हे खरे, परंतु धोका बहुधा चालू असलेल्या तारेपेक्षा बंद केलेल्या उपकरणात लपलेला असतो, कारण चालू तारेला सगळेच घाबरून असतात. एक दशांश मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १०० किलोव्होल्टला भरला तर त्यात ५०० ज्यूल ऊर्जा राहते, आणि पुरवठा तोडल्यावर ती आपोआप निघून जात नाही. एकदा अर्थिंग रॉडने (जमिनीला जोडलेल्या दांड्याने) शॉर्ट करून तो काढून घेतला, तरी डायइलेक्ट्रिकने धरून ठेवलेला चार्ज काही वेळाने पुन्हा टर्मिनलवर येतो. आमच्या कॉलेजातले प्रयोगशाळा सहायक बोलायला जरा तिरसट होते. स्वतःच्या हाताने अर्थिंग रॉड टर्मिनलवर टांगल्याशिवाय ते जाळीचे दार कोणासाठीही, अगदी विभागप्रमुखांसाठीही, उघडत नसत, आणि शेवटचा विद्यार्थी बाहेर पडून दाराला कुलूप लागेपर्यंत तो रॉड तिथेच टांगलेला राही. तुम्ही निवडणार असलेल्या प्रयोगशाळेत एकदा जाऊन बघा. पुरवठा बंद असताना रॉड टर्मिनलवर टांगलेला दिसला तर आईला तसे सांगा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेला दिसला तर आत जाण्याआधी तो तुम्ही स्वतः टांगा.