मोजक्या फोटॉनांवरून स्रोत ठरवताना

चंद्रा या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रतिमांवर काम सुरू करत असाल, तर ठिपका दिसताच त्याला क्ष-किरणांचा स्रोत म्हणण्याची घाई आधी सोडा. फॉरनॅक्स तारकासमूहातील आकाशाच्या एका लहानशा तुकड्याकडे या दुर्बिणीने अनेक वर्षांत मिळून सुमारे 70 लाख सेकंद, म्हणजे जवळपास 81 दिवस पाहिले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुकड्याच्या मुख्य यादीत 1008 स्रोत आहेत, आणि त्यांतील सर्वांत मंद स्रोतांकडून एवढ्या काळात जेमतेम काही फोटॉन (प्रकाशकण) हाती लागले.

एक उदाहरण स्वतः कागदावर सोडवून पाहा. एखाद्या वर्तुळात पार्श्वभूमीमुळे सरासरी 2 फोटॉन अपेक्षित आहेत आणि प्रत्यक्षात 6 मिळाले. नेहमीच्या घंटाकृती वक्राने 6 किंवा अधिक मिळण्याचा हा योगायोग चारशेत एकदाच घडावा असे वाटते. पण मोजक्या घटनांच्या मोजणीला लागू पडणाऱ्या पॉयसाँ वितरणाने तो सुमारे साठात एकदा घडतो, म्हणजे अशा हजार जागा तपासल्या तर सोळा-सतरा खोटे स्रोत सहज निघतील. सुरुवातीला मीही घंटाकृती वक्रावर विसंबून फसलो होतो.

दुसरी गोष्ट प्रतिमेच्या कडेची. मध्यभागी बिंदूस्रोत अर्ध्या कोनीय सेकंदाएवढा (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) रेखीव दिसतो, कडेला मात्र तो कित्येक कोनीय सेकंद पसरतो, त्यामुळे सगळीकडे एकाच त्रिज्येचे वर्तुळ वापरू नका. जेमतेम ओळखता येणाऱ्या, उंबरठ्याजवळच्या स्रोतांची तेजस्विता बहुधा फुगवून मोजली जाते, तीही सुधारून घ्या. हबल दुर्बिणीच्या प्रतिमेत त्याच जागी स्रोताशी जुळणारी दीर्घिका शोधणे त्यानंतरचे काम.