प्रश्न तुमचे, उत्तरे आमची : घरचा सर्चलाइट

प्रश्न (दादर) : कॉलेजच्या प्रकल्पासाठी लॅमिंग्टन रोडवरून १०० वॅटचा एलईडी आणला आणि पुढे १०० मि.मी. व्यासाचे भिंग बसवले. गच्चीवरून समोरची इमारत लख्ख दिसते, पण त्यापलीकडे काहीच नाही. २०० वॅटचा आणू का?

उत्तर : आणलात तर समोरची इमारत आणखी उजळेल, पलीकडे अंधार तो अंधारच. झोत किती लांब पोचणार हे एकूण उजेडावर ठरत नाही. तो उजेड किती लहान जागेतून निघतो आणि पुढचे भिंग केवढे आहे, यावर ठरते.

तुमच्याच सामानाचा हिशेब मांडू. १०० वॅटच्या एलईडीवरचा पिवळा चौकोन मोजा, साधारण २३ मि.मी. बाजूचा भरेल. म्हणजे सुमारे ५३० चौ. मि.मी. त्यातून ९,००० ल्युमेन (एकूण उजेडाचे माप) निघतात असे धरू. ल्युमेनला ३.१४ आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने भागले की तेज मिळते : दर चौ. मि.मी.ला जेमतेम ५.४ कँडेला (एका दिशेला जाणाऱ्या उजेडाचे माप). आता भिंगाचे क्षेत्रफळ ७,८५० चौ. मि.मी. त्याने गुणा आणि काचेतल्या घटीसाठी ०.८५ ने गुणा. झोताची तीव्रता आली ३६,००० कँडेला. तिचे वर्गमूळ काढून दुप्पट केले की ज्या अंतरावर पौर्णिमेच्या चांदण्याएवढा (पाव लक्स) उजेड उरतो ते अंतर मीटरमध्ये मिळते. तुमचे ३८० मीटर.

आता अवघ्या १ चौ. मि.मी. चिपचा, वर घुमट नसलेला चपटा एलईडी घ्या. ३ अँपिअरवर ५०० ल्युमेन धरले तर तेज सुमारे १६० कँडेला. तेच भिंग, तोच हिशेब : साडेदहा लाख कँडेला आणि दोन किलोमीटर. खर्च होणारी वीज फक्त १० वॅट! २०० वॅटच्या एलईडीत चिपा दुप्पट, पण चौकोनही दुप्पट. तेज होते तिथेच.

दोन किलोमीटर हा कागदावरचा आकडा आहे, हेही ध्यानात ठेवा. पाव लक्समध्ये लांबची वस्तू ओळखू येत नाही. उजेड तिथवर जाऊन परत डोळ्यांपर्यंत यायचा असतो आणि मधे मुंबईची हवा असते. चांगल्या रात्री निम्मे मिळाले तरी प्रकल्प यशस्वी समजा.

बांधणी अशी करा. नळीसाठी ११० मि.मी.चा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप घ्या, १०० मि.मी.चे भिंग त्यात रबरी पट्टीच्या आधाराने नीट बसते. भिंग ॲस्फेरिक (कडेचा उजेडही नीट गोळा व्हावा असा खास बाक दिलेले) असावे, नाभीय अंतर (भिंगापासून फोकसपर्यंतचे) ८० मि.मी.च्या आसपास. त्याची सपाट बाजू एलईडीकडे आणि फुगीर बाजू बाहेर. उलट बसवले की झोताच्या कडा धुरकट होतात आणि दोष मात्र एलईडीला दिला जातो. नळीला आतून फळ्याचा काळा मॅट रंग द्या. या भिंगात एलईडीचा जेमतेम पाव ते तृतीयांश उजेड शिरतो. बाकीचा पांढऱ्या पाइपवर आपटून बाहेर पडला तर झोताभोवती दुधाळ वलय येते.

मागचे झाकण म्हणजे ॲल्युमिनियमचा हीटसिंक, एलईडीची उष्णता हवेत सोडणारा तुकडा. तो तीन लांब एम-४ बोल्टांवर, प्रत्येकी दोन नटांमध्ये धरा. एम-४ चा आटा ०.७ मि.मी.चा, म्हणजे नटाच्या पाव फेरीला हीटसिंक ०.१७ मि.मी. सरकतो. फोकससाठी यापेक्षा स्वस्त यंत्रणा नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातही मिळायची नाही.

१२ व्होल्टची बॅटरी थेट जोडू नका. एक्सएल-४०१५ चे, व्होल्टेज आणि करंट आटोक्यात ठेवणारे, दोन प्रीसेटवाले (स्क्रूने फिरवायची नियंत्रणे) मॉड्यूल घ्या. आधी काहीही न जोडता व्होल्टेज ४ वर आणा. मग मल्टिमीटर १० अँपिअरवर ठेवून तोच आउटपुटच्या दोन टोकांमध्ये लावा आणि दुसऱ्या प्रीसेटने ३ अँपिअर बांधा (तुमच्या एलईडीची डेटाशीट कमी सांगत असेल तर तेवढेच). आता वीज बंद करा, आउटपुटच्या दोन वायरी क्षणभर एकमेकींना टेकवा आणि त्यानंतर एलईडी जोडा. चालू मॉड्यूलला एलईडी लावला तर कपॅसिटरमध्ये साठलेली वीज एकदम त्यात उतरते आणि चिप गेली हे कळायलाही वेळ लागत नाही. बॅटरीच्या धन टोकाजवळ ३ अँपिअरचा फ्यूज घाला. यूपीएसची १२ व्होल्ट, ७.२ एएच बॅटरी पाच-सहा तास पुरते.

प्रश्न (मुलुंड) : फोकस घरातल्या भिंतीवर अगदी रेखीव जुळवला. बाहेर गेल्यावर झोत पसरट का होतो?

उत्तर : भिंत जवळ होती म्हणून. तीन मीटरवरच्या भिंतीवर चित्र रेखीव दिसते तेव्हा एलईडी खऱ्या जागेपेक्षा सुमारे २.२ मि.मी. मागे असतो. एम-४ च्या तीन फेऱ्या झाल्या या! ३० मीटरवर हीच चूक ०.२ मि.मी. राहते. जिन्यातून किंवा खोलीतून जुळवण्याचा नाद सोडा. सोसायटीच्या कंपाउंडची लांब भिंत निवडा. भिंतीवर चिपचा चौकोन, कडांसह, उमटला की फोकस जुळला. चौकोन एका बाजूने रेखीव आणि दुसऱ्या बाजूने पुसट असेल तर हीटसिंक तिरका आहे, एकच नट फिरवा.

दिवसाउजेडी उलटा मार्गही आहे. दिवा बंद ठेवून भिंग लांबच्या इमारतीकडे धरा आणि बाजूच्या फटीतून चिपकडे पाहा. इमारतीचे उलटे, इवलेसे चित्र चिपच्या पातळीवर स्पष्ट होईपर्यंत हीटसिंक सरकवा.

मात्र सूर्याकडे कधीही नाही. १०० मि.मी.चे भिंग दुपारच्या उन्हातले साडेसात वॅट पाऊण मि.मी.च्या ठिपक्यात गोळा करते. खिडकीत ठेवलेल्या, वीज न जोडलेल्या दिव्याचा एलईडी अशा उन्हाने जळतो. शेजारी पडदा असेल तर तोही. वापर नसेल तेव्हा भिंगावर झाकण हवेच, ती शोभेची वस्तू नाही.

प्रश्न (वर्सोवा) : रात्री होडीवरून जाळ्याची बोय (पाण्यावर तरंगणारी खूण) शोधायला दिवा हवा आहे. साधारण ३०० मीटरपर्यंत दिसले तरी पुरे.

उत्तर : मग वरचा दिवा तुमच्यासाठी नाही. १ मि.मी. चिप आणि ८० मि.मी. नाभीय अंतर यांचा झोत ०.७ अंशाचा. ३०० मीटरवर उजेडाचा ठिपका पावणेचार मीटरचा. डुलत्या होडीवरून त्याने बोय शोधणे म्हणजे सुतळीने मासा पकडणे.

भिंग तेच ठेवा, पण ३ × ३ मि.मी. चिपचा, २,००० ल्युमेनच्या आसपासचा एलईडी बसवा. ठिपका ११ मीटरचा होईल आणि ३०० मीटरवर सुमारे ५ लक्स मिळतील. वीज २० ते २५ वॅट लागेल. त्यामुळे हीटसिंक मोठा घ्या आणि वायर २.५ चौ. मि.मी.ची वापरा. बॅटरीपासून दिवा लांब असेल तर बारीक वायरीत अर्धा-पाऊण व्होल्ट सहज जातो.

त्याहून सोपे काम आधी करा. बोयीला रस्त्यावरच्या फलकांना असते तशी रिफ्लेक्टिव्ह टेप गुंडाळा. ती आलेला उजेड आल्या दिशेला परत पाठवते, म्हणून दिवा डोळ्यांच्या जवळ धरला तर साधी टॉर्चही बोय चमकवते. सर्चलाइट मग बाकीच्या कामांना.

प्रश्न (भांडुप) : जुन्या डीटीएचच्या डिशला आरशासारखी चकचकीत फिल्म चिकटवून मोठा रिफ्लेक्टर करता येईल का?

उत्तर : चूल होईल, सर्चलाइट नाही. एक तर ही डिश ऑफसेट असते. तिचा फोकस मध्यावर नसून खालच्या बाजूला पुढे, जिथे एलएनबी (सिग्नल पकडणारा डबा) बसतो तिथे असतो. दुसरे कारण मोठे आहे. परावर्तनात उताराची चूक दुप्पट होते. १०० मि.मी. लांबीत फिल्मला १ मि.मी.चा उंचवटा आला तर तिथला उजेड १.१ अंशाने भरकटतो. वर सांगितलेला आख्खा झोत ०.७ अंशाचा आहे हे लक्षात घ्या. रेडिओलहरींना असे फुगवटे कळतही नाहीत, उजेडाला कळतात.

मोठा आरसाच हवा असेल तर दारूखान्यात जहाजाच्या भंगारात सर्चलाइटचे काचेचे रिफ्लेक्टर कधीमधी सापडतात. घेताना आखीव वहीचे पान समोर धरून प्रतिबिंबातल्या रेषा पाहा. त्या सलग वळत असतील तर ठीक, मधेच थरथरत असतील तर सोडून द्या. कडेने काळे डाग म्हणजे मागची चांदी सुटत आहे. नाभीय अंतर काढायला व्यासाचा वर्ग करून त्याला खोलीच्या १६ पटीने भागा. व्यास २०० आणि खोली ५० मि.मी. असेल तर फोकस ५० मि.मी.वर. मात्र आरशात एलईडीचे तोंड आरशाकडे हवे, म्हणजे तो मधोमध दांडीवर लटकणार आणि त्याची सगळी उष्णता त्या दांडीतूनच बाहेर काढावी लागणार. तांब्याची जाड पट्टी वापरल्याशिवाय हे जमत नाही.

प्रश्न (लालबाग) : एलईडी लावताच पांढरा असतो, मिनिटाभरात निळसर होतो आणि उजेडही कमी होतो. हीटसिंक तर थंडगार आहे!

उत्तर : थंडगार आहे हेच दुखणे. चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही, म्हणून वरचा पिवळा फॉस्फर (निळ्या उजेडाचा पांढरा करणारा थर) तापून काम सोडतो आणि खालचा निळा उजेड उघडा पडतो. हात लावून निदान करा : हीटसिंक गरम आणि उजेड घसरतो आहे, तर हीटसिंक लहान; हीटसिंक थंड आणि उजेड घसरतो आहे, तर मधला जोड खराब.

एलईडीखालची पाटी ॲल्युमिनियमची असेल तर बदला. तांब्याची, चिपखालचा पॅड थेट तांब्याला भिडणारी पाटी मागा. थर्मल पेस्ट श्रीखंडासारखी थापायची नसते. खालचा धातू जरा दिसेल इतका पातळ थर पुरतो. पाटी दोन स्क्रूंनी आवळा, नुसत्या चिकटपट्टीवर भागवू नका. तांब्याच्या पाटीवर २५ वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने डाग बसत नाही, कारण तांबे उष्णता ओढून घेते. जुन्या तव्यावर पाटी गरम करा. ६३/३७ चे सोल्डर १८३ अंशांना वितळते. ते चकाकून पसरले की चिप अलगद आपल्या जागी सरकते. तवा परत स्वयंपाकघरात मात्र जाता कामा नये, सोल्डरमध्ये शिसे असते.

प्रश्न (गिरगाव) : चोर बाजारात सिनेमाच्या प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा मिळाला आहे. त्यापुढे एलईडीचे काय घेऊन बसलात?

उत्तर : तेजाच्या बाबतीत तुमचे खरे आहे. पण तो दिवा ज्या खोक्यात आला त्याच खोक्यात परत ठेवा. त्यात वायू थंड असतानाही हवेच्या दाबाच्या कित्येक पट दाबाने भरलेला असतो, चालू झाल्यावर दाब आणखी वाढतो. ओरखडा पडला किंवा हातातून निसटला तर काचेचे तुकडे सुऱ्यांसारखे उडतात. गेलेला दिवाही तितकाच घातक, म्हणून भंगारवाल्याकडे तसाच देऊ नका. शिवाय तो पेटवायला हजारो व्होल्टचा झटका आणि त्यानंतर मोठा डीसी करंट लागतो; अतिनील किरण आणि ओझोन वेगळेच. चेहऱ्यावर जाड ढाल, चामडी हातमोजे आणि बंद लोखंडी खोके नसेल तर घरात त्याचे काम नाही.

प्रश्न (विलेपार्ले) : तयार दिवा जीपच्या टपावर पुढे लावला तर चालेल का?

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ प्रमाणे वाहनाच्या पुढे सर्चलाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते आणि तीही अपवादानेच मिळते. दहा लाख कँडेलाचा झोत १० मीटरवर १०,००० लक्स टाकतो. समोरच्या चालकाला काही क्षण काहीच दिसणार नाही. तुमच्या भागात तर झोत वर आकाशातही नको, विमाने डोक्यावरून उतरत असतात.

प्रश्न (माहीम) : पावसाळी हवेत झोत पांढऱ्या खांबासारखा दिसतो, वस्तू दिसत नाही. शिवाय भिंगाच्या आत बाष्प धरते.

उत्तर : डोळा झोताला लागून असला की आधी जवळचे उजळलेले थेंब दिसतात. दिवा स्टँडवर ठेवा, स्विच तीन मीटर वायरीवर घ्या आणि बाजूला उभे राहून पाहा. खांब विरळ होतो, मागची वस्तू उठून दिसते.

बाष्पासाठी भिंगाच्या कडेला सिलिकॉन लावा, नळीत निळ्या सिलिका जेलच्या (ओल शोषणारे दाणे) दोन पुड्या ठेवा आणि मागच्या झाकणाजवळची फट कोरड्या दिवशी, एसीच्या खोलीत बंद करा. भर पावसात बंद केलेत तर दमट हवाच आत कोंडाल. पुड्या गुलाबी झाल्या की बदला.