वाचकांचे प्रश्न : शिकागोचा वसंत

गेल्या अंकात मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांविषयी या सदरात चार ओळी आल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रे एकट्या शिकागोविषयी निघाली. माझी थोरली लेक तिथे राहते आणि तिच्याकडे मी सहा वेळा मार्च ते जून या काळात राहून आले आहे, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे सोपवली. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहे.

प्रश्न : ताई, सूनबाईंचे बाळंतपण मार्चच्या अखेरीस आहे आणि आम्ही उभयता 20 तारखेला निघत आहोत. मुलगा म्हणतो, तोवर तिथे वसंत लागलेला असेल, जाड कपड्यांचे ओझे आणू नका. आमच्या शेजारीणबाईंनी मात्र तिथे एप्रिलमध्ये बर्फ पाहिल्याचे सांगितले. कोणाचे ऐकावे? (सुदामानगर, इंदूर)

शेजारीणबाईंचे. मुलाचे म्हणणे दिनदर्शिकेला धरून आहे, कारण अमेरिकेत 20 मार्चच्या सुमारास, म्हणजे दिवस आणि रात्र समान होतात तेव्हा, वसंत ऋतू सुरू झाल्याचे जाहीर होते. परंतु शिकागोच्या हवेवर दिनदर्शिकेपेक्षा मिशिगन सरोवराची सत्ता अधिक चालते. सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे इंदूरचा सिरपूर तलाव किंवा फार तर यशवंत सागर येतो. हे सरोवर सुमारे 58,000 चौरस किलोमीटरचे, म्हणजे अख्ख्या केरळ राज्यापेक्षा मोठे आहे, आणि काठावर उभे राहिले तर पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळाभर गारठलेले एवढे पाणी तापायला जूनही पुरत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी छान ऊन पडलेले असताना वारा फिरून पूर्वेकडून, म्हणजे पाण्यावरून, वाहू लागला की काठालगतचे तापमान पाहता पाहता दहा अंश सेल्सिअसने खाली येते. शहराच्या पश्चिमेला राहणारी माणसे अर्ध्या बाहीच्या सदऱ्यात आणि काठावरची कोटात, असा देखावा मी एकाच दुपारी पाहिला आहे. तिथल्या हवामानाच्या बातमीत ‘सरोवराजवळ अधिक थंड’ हे शब्द वसंतात जवळजवळ रोज असतात. म्हणून मुलाचे घर पाण्यापासून किती लांब आहे, हे त्याला आधी विचारावे.

तिथल्या महापालिकेचा एक नियमही या बाबतीत बोलका आहे. भाड्याच्या घरांतील उष्णतेची व्यवस्था घरमालकाकडे असेल तर त्याने 15 सप्टेंबरपासून 1 जूनपर्यंत घर दिवसा किमान 68 अंश फॅरनहाइट, म्हणजे 20 अंश सेल्सिअस, उबदार ठेवले पाहिजे. ज्या शहराला मे महिन्यातही असा कायदा लागतो, तिथे मार्चमध्ये जाताना लोकर घरी ठेवून जाऊ नये. यातली दुसरी बाजू अशी की घरात तुम्हाला थंडी वाजणार नाही. प्रश्न दारापासून गाडीपर्यंतचा आणि बाळाला दवाखान्यात नेण्या-आणण्याचा आहे.

कपड्यांबद्दल अनुभवाचे सांगते. आपल्याकडचे हाताने विणलेले स्वेटर ऊब धरतात, पण वारा अडवत नाहीत, आणि तिथली खरी तक्रार वाऱ्याचीच असते. आतून अंगाला चिकटून बसणारे थर्मल, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर वारा न शिरणारा कोट, असे थर असावेत, म्हणजे आत गेल्यावर एकेक उतरवता येतो. कोट इंदुरात घेऊ नये. मार्चमध्ये तिथल्या दुकानांत हिवाळ्याचा माल उतरत्या भावाने निघतो, तेव्हा घ्यावा किंवा मुलाच्या मित्रमंडळींकडून मागून आणावा. साडी नेसण्याची सवय असली तरी वितळत्या बर्फाच्या दिवसांत बाहेर पडताना सलवार-कुडता बरा, कारण रस्त्याकडेच्या काळ्या चिखलात साडीचा काठ एकदा भिजला की दिवसभर पायांशी गारवा राहतो.

आणखी एक गोष्ट. मुलगा फोनवर ‘आज साठ होते, काय सुंदर दिवस!’ असे म्हणाला तर ते साठ फॅरनहाइटचे, म्हणजे आपले साडेपंधरा. इंदुरात साडेपंधराला आपण कानटोप्या शोधतो. तिथे त्याच दिवशी लोक अर्ध्या चड्डीत पळायला निघतात. सहा वेळा जाऊनही माझी सहनशक्ती साडेपंधराला पुरलेली नाही.

जाता जाता, तुम्ही विचारलेले नाही तरी सांगते : बाळ-बाळंतिणीला ओव्या-शेपांची धुरी देण्याचा बेत असेल तर तो सोडावा. घराच्या छताला धुराची सूचना देणारे यंत्र असते, ते किंचाळू लागते, आणि नुकतेच डोळा लागलेले बाळ सर्वांत आधी जागे होते.

प्रश्न : मंगळवारी रात्री साडेआठला शिकागोतील मुलीशी बोलत असताना तिच्या पाठीमागे युद्धाच्या वेळी वाजतो तसा भोंगा सुरू झाला. आमच्या पोटात गोळा आला. तिने हसून ‘बाबा, आज मंगळवार आहे’ एवढेच सांगितले. हा काय प्रकार आहे? आणि पूर्वी आमची बोलण्याची वेळ साडेनऊची होती, ती साडेआठची का झाली, हेही तिने नीट सांगितले नाही. (लष्कर, ग्वाल्हेर)

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. शिकागोत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता धोक्याचे भोंगे वाजवून पाहिले जातात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता तिथली घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ती पुन्हा मागे घेतात. त्यामुळे आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेअकरा तासांचे असलेले अंतर उन्हाळ्यात साडेदहा तासांचे होते, आणि तिथले सकाळचे दहा आपल्याकडे जानेवारीत रात्री साडेनऊला, तर एप्रिलमध्ये साडेआठला वाजतात. मुलीने वेळ बदललेली नाही; ती तिच्या दहालाच फोन करते.

भोंगे असतात ते मुख्यतः टॉर्नेडोसाठी, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत सोंडेसारख्या उतरणाऱ्या चक्री वाऱ्यासाठी. दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उबदार दमट हवा आणि उत्तरेकडून येणारी कोरडी थंड हवा यांची गाठ त्या सपाट प्रदेशात वसंतात पडते, आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदलत असेल तर वादळी ढगच गरगरू लागतो. उंच इमारतींच्या शहराला टॉर्नेडो शिवत नाही, अशी एक समजूत आहे. ती खोटी आहे. 21 एप्रिल 1967 रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, शिकागोला लागून असलेल्या ओक लॉन या उपनगरातून टॉर्नेडो गेला, तेव्हा 30 हून अधिक माणसे दगावली.

तुम्ही तिकडे जाल तेव्हा दोन शब्दांतील फरक मात्र पाठ करून जावा. ‘वॉच’ म्हणजे टॉर्नेडो होण्यासारखी हवा आहे, सावध असावे. ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे, तेव्हा लगेच आसरा घ्यावा. पहिल्या मंगळवारचे सकाळचे दहा सोडून भोंगा वाजला, तर खिडकीशी जाऊन काय दिसते ते पाहत बसण्याचा आपला स्वभाव आवरावा आणि तळघरात जावे. तळघर नसेल तर खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या आतल्या खोलीत किंवा न्हाणीघरात बसावे.

प्रश्न : नातवाने पाठवलेल्या छायाचित्रात शिकागोची नदी पोपटासारखी हिरवी दिसते. हे खरे आहे की संगणकाची करामत? (लोकमान्यनगर, इंदूर)

अगदी खरे आहे, आणि इंदूरच्या राजवाड्यासमोर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, पाहिलेल्या माणसाला तर याचे नवल वाटू नये. 17 मार्च हा आयर्लंडच्या लोकांचा सेंट पॅट्रिकचा दिवस असतो. शिकागोत आयरिश वंशाची वस्ती मोठी आहे. तो दिवस शनिवारी आला तर त्याच दिवशी, नाही तर आदल्या शनिवारी, नळकारागिरांच्या संघटनेची माणसे होड्यांतून नदीत रंग सोडतात. मला त्यातल्या दोन गोष्टींची गंमत वाटते. रंगाची पूड दिसते नारिंगी, जवळजवळ आपल्या केशरी गुलालासारखी, आणि पाण्यात पडली की हिरवी होते. आणि ती टाकतात पीठ चाळण्याच्या चाळणीने. मोठ्या होडीतली माणसे चाळत जातात आणि मागून दुसरी लहान होडी पाणी घुसळत येते.

नळकारागिरांचा यात संबंध कसा, हे अधिक रंजक आहे. कोणत्या इमारतीचे सांडपाणी चोरून नदीत सोडले जाते, हे शोधण्यासाठी ते नळांत हा रंग सोडत आणि नदीत हिरवा डाग कुठे उमटतो ते पाहत. त्यातूनच नदी रंगवण्याची कल्पना निघाली. 1962 साली पहिल्यांदा 100 पौंड, म्हणजे सुमारे 45 किलो, रंग टाकला, तेव्हा नदी आठवडाभर हिरवी राहिली. पुढे प्रमाण कमी केले, आणि तेलापासून होणाऱ्या रंगाला आक्षेप आल्यावर वनस्पतिजन्य रंग आला. त्याची नेमकी कृती ते कोणाला सांगत नाहीत. आता गडद रंग काही तासच टिकतो, तेव्हा सकाळीच जावे.

या नदीचे सांडपाण्याशी नाते जुने आहे. ती मुळात सरोवराला मिळत असे आणि शहराची घाण पिण्याच्या पाण्यात जाई, म्हणून 1900 साली कालवा खणून तिचा प्रवाहच उलटा फिरवला. आपली इंदूरची कान्ह नदी ज्यांनी नाला झालेली पाहिली आणि नंतर नाल्यांची तोंडे बंद करण्याची मोहीमही पाहिली, त्यांना हे वाचताना ओळखीचे वाटेल. 2021 साली आपल्या शहराला देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून मान मिळाला, तो त्याच कामासाठी. आपल्या गेरीत टँकरने रंग उडतो आणि माणसे रंगतात; तिथे माणसे कोरडी राहतात आणि पाणी रंगते. मला विचाराल तर गेर अधिक आवडते, पण मी पक्षपाती आहे.

प्रश्न : 2017 पासून स्वच्छतेचे पहिले बक्षीस मिळवणाऱ्या शहरातून जात आहोत. तिथे रस्ते झाडतात तरी का? (टिळकनगर, इंदूर)

झाडतात, पण हिवाळ्यात नाही. बर्फाचे दिवस संपले की 1 एप्रिलपासून गल्लीबोळांत झाडणाऱ्या गाड्या फिरू लागतात आणि त्यासाठी रस्त्याच्या कडेच्या मोटारी हलवाव्या लागतात. आदल्या दिवशी झाडांना नारिंगी कागद बांधलेले दिसतात. त्या कागदाकडे आमच्या जावयांनी एकदा काणाडोळा केला आणि 60 डॉलरची चिठ्ठी काचेवर लागली. तेव्हापासून सकाळच्या फेरफटक्यात कागद वाचून येण्याचे काम माझ्याकडे आहे. तुमच्याकडेही येईल. खड्ड्यांविषयी मात्र आपण त्यांना हसू नये : भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते, आणि असे महिनाभर झाले की डांबर उखडते. एप्रिलच्या मध्यापासून बुधवारी आणि शनिवारी शहराच्या मध्यभागी जाणे असेल तर वेळ हाताशी ठेवावा. हिवाळाभर नदीकाठच्या आवारात ठेवलेल्या शिडाच्या होड्या तेव्हा सरोवराकडे निघतात आणि त्यांच्यासाठी एकामागून एक पूल उचलले जातात. मोटारी थांबतात, लोक उतरून फोटो काढतात, आणि कोणी हॉर्न वाजवत नाही, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते.

प्रश्न : पाडव्याच्या गुढीसाठी कडुलिंबाची डहाळी आणि आंब्याचे टाळे सामानात नेता येतील का? एप्रिलअखेर दुसरे कोणी येणार आहे, त्यांच्याबरोबर हापूस पाठवावा म्हणते. (रामबाग, इंदूर)

तिन्ही गोष्टींना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. ताजी पाने, कढीपत्तासुद्धा, आणि ताजी फळे प्रवाशाच्या सामानातून नेऊ देत नाहीत, विमानतळावर वास घेणारी कुत्री असतात, आणि लपवून नेलेले सापडले तर दंड होतो. खाण्याचे पदार्थ आहेत असे तिथल्या अधिकाऱ्यांना खरे सांगावे. बंद पाकिटातली इंदुरी शेव मी दर वेळी सांगून नेते आणि कोणी अडवत नाही. हापूस तिथे मिळतो. 2007 साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले, ते विकिरणाची, म्हणजे किरणांचा मारा करून कीड निकामी करण्याची, प्रक्रिया करून येण्याच्या अटीवर, आणि त्या कामासाठी नाशिक जिल्ह्यातील लासलगावचे केंद्र पहिल्यांदा वापरले गेले. विमानाने येत असल्याने पेटीची किंमत ऐकून आपण गप्प बसतो. शिकागोतल्या डेव्हॉन अव्हेन्यू या रस्त्यावरील भारतीय दुकानांत आधी चौकशी करून ठेवावी. गुढी मात्र घरच्या साडीची, घरच्या तांब्याची उभारता येते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा पाडवा बहुधा जवळच्या शनिवार-रविवारी असतो.

प्रश्न : मी नववीत आहे आणि सिरपूरला पक्षी पाहायला जातो. आजी-आजोबांबरोबर मे महिन्यात शिकागोला जाणार आहे. तिथे पक्षी दिसतील का? (इंदूर)

भरपूर दिसतील, आणि तू अगदी नेमक्या महिन्यात जात आहेस. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढून उत्तरेकडे परतणारे लहान पक्षी रात्री उडतात आणि पहाटे सरोवराच्या काठावरच्या झाडीत उतरतात. त्यांनी दिव्यांना भुलून काचेच्या इमारतींवर आपटू नये म्हणून या दिवसांत उंच इमारतींचे रात्रीचे दिवे मालवण्याची पद्धत आहे. माँट्रोज पॉइंट नावाची जागा आहे, तिथल्या झुडपांच्या एका पट्ट्याला पक्षीप्रेमी ‘मॅजिक हेज’ म्हणतात. शेजारच्याच वाळूवर 2019 साली पायपिंग प्लव्हर या दुर्मिळ पक्ष्याच्या जोडीने घरटे केले. मुठीत मावेल एवढा तो पक्षी. लोकांनी त्यांची नावे माँटी आणि रोझ ठेवली, आणि त्यांच्यामुळे त्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये ठरलेला एक मोठा संगीत महोत्सव रद्द झाला. पुढची दोन वर्षेही जोडी येत राहिली. 2022 च्या एप्रिलमध्ये माँटी आला, रोझ आली नाही, आणि मे महिन्यात तोही वाळूवरच मरण पावला. त्या दिवशी माझ्या लेकीच्या इमारतीतील अनोळखी माणसेही लिफ्टमध्ये त्याविषयी बोलत होती. त्यांचे एक पिल्लू, इमानी, मोठे होऊन त्याच किनाऱ्यावर परत आले.

आजोबांना दुर्बीण घेऊन सहाच्या सुमारास तिथे न्यावे. मे महिना असला तरी दोघांनीही कोट घालून जावे, कारण ती जागा थेट पाण्यात शिरलेली आहे.